‘खटला चालवणे’: चालवतो कोण?

परळच्या एका वाचकांनी विचारलं आहे: “एखादा भीषण गुन्हा घडला की दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘खटला जलदगती न्यायालयात चालवण्याचे मुख्यमंत्र्यांचे आदेश’. मुख्यमंत्री कोर्टाला असा आदेश देऊ शकतात का? देऊ शकत नसतील, तर हे वाक्य मराठी म्हणूनही चूक म्हणायचं का? आणि शब्द ‘जलदगती’ बरोबर की ‘द्रुतगती’?”

शेवटचा प्रश्न आधी उरकतो. दोन्ही शब्द बरोबर. कोर्टासाठी ‘जलदगती’ जास्त रूढ झाला, ‘द्रुतगती’ मुंबई-पुणे महामार्गाला चिकटला. बोलताना सगळे ‘फास्ट ट्रॅक’च म्हणतात, त्यात काही बिघडत नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या मथळ्यातला ‘आदेश’ चूक आहे. ‘चालवण्याचे’ चूक नाही, पण घोळ त्या क्रियापदानेच घातला आहे.

खटला ‘चालतो’ म्हटलं की कोण चालवतो ते सांगावं लागत नाही. ‘चालवतो’ म्हटलं की कर्ता हवा, आणि मराठीत इथे दोन कर्ते बसतात. न्यायाधीश खटला चालवतात, म्हणजे सुनावणी घेतात, साक्षी नोंदवतात. सरकारी वकीलही खटला चालवतात, म्हणजे आरोपीविरुद्ध सरकारची बाजू लढवतात. काळाघोड्याच्या सेशन्स कोर्टात ‘हा खटला कोणी चालवला?’ असं विचारलंत, तर उत्तरात बहुधा वकिलाचं नाव येईल. न्यायाधीशांचं नाव हवं असेल तर ‘कोणापुढे चालला?’ असं विचारायचं. पोलिसांनी दाखल केलेल्या फौजदारी खटल्यात आरोपीसमोर उभं असतं ते राज्य सरकार. त्यामुळे ‘हा खटला आम्ही जलद चालवू’ असं मंत्री म्हणतात ते वकिलाच्या अर्थाने खरं असू शकतं, पण ऐकणारा न्यायाधीशाचा अर्थ घेतो. ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं तेही तोच अर्थ घेऊन बसतात, आणि वर्ष उलटलं की रागावतात कोर्टावर. म्हणून मला हा शब्दच्छल वाटत नाही.

मंत्र्यांचा ‘आदेश’ नेमका कुठवर चालतो? पोलिसांना दोषारोपपत्र लवकर दाखल करायला सांगता येतं. विशेष सरकारी वकील नेमता येतो. कोर्टाला खोल्या, कर्मचारी, पैसा देता येतो, आणि हे लहान काम नाही. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून २००० साली देशभरासाठी १७३४ जलदगती न्यायालयांची योजना आली. २०११ मध्ये केंद्राने पैसा थांबवला आणि ही न्यायालयं चालू ठेवायची की बंद करायची, हे राज्यांच्या तिजोरीवर येऊन पडलं. तो निर्णय राजकीयच होता.

पण एखादा खटला कोणत्या न्यायाधीशांपुढे लागणार, कोणत्या तारखेला ऐकला जाणार, यात मंत्रालयाला शब्द टाकता येत नाही. घटनेच्या कलम २३५ प्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. उच्च न्यायालयात कोणते न्यायमूर्ती कोणती प्रकरणं ऐकणार हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. त्या दिवशी ऐकायच्या प्रकरणांच्या यादीला फोर्टातल्या वकिलांच्या तोंडी ‘बोर्ड’ हा शब्द आहे: ‘मॅटर बोर्डावर लागलं’, ‘आज बोर्ड संपलं नाही, आपलं पोहोचलंच नाही’. हे बोर्ड मंत्र्यांच्या हातात नाही. म्हणून मथळा असा हवा: ‘खटला जलदगती न्यायालयात चालवण्याची सरकार उच्च न्यायालयाला विनंती करणार’. लांबतो, मान्य आहे. पण ‘विनंती’ला ‘आदेश’ म्हणणं हे जागा वाचवणं नव्हे.

राजकीय इच्छेने किती फरक पडतो, ते मुंबईतल्याच खटल्यांत बघा. २६/११च्या हल्ल्याचा खटला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात चालला आणि मे २०१० मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, कसाबला शिक्षा झाली. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीही विशेष न्यायालयच होतं, पण तिथे निकाल यायला सुरुवात झाली सप्टेंबर २००६ मध्ये. सरकारचं बळ दोन्हीकडे होतं. एकीकडे आरोपी तीन, दुसरीकडे शंभराहून जास्त. शक्ती मिलमधला ऑगस्ट २०१३ चा सामूहिक बलात्काराचा गुन्हा मार्च २०१४ मध्ये सिद्ध झाला, एप्रिलमध्ये शिक्षा झाली. त्यातल्या फाशीवर उच्च न्यायालयाचा निर्णय मात्र नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि ती जन्मठेपेवर आली. म्हणजे ‘जलदगती’ हे विशेषण पहिल्या कोर्टापुरतं असतं. पुढच्या अपिलाला ते आपोआप लागत नाही, हे बातमीत कुणीतरी सांगायला हवं.

वाचकांनी विचारलेलं नाही, पण सांगायलाच हवं असं एक आहे. कोर्टातल्या विलंबाची आपली सगळी क्रियापदं कर्ता लपवणारी आहेत. तारीख पडते. मुदत मिळते. खटला रखडतो. निकाल लागत नाही. जणू पाऊस पडावा तशी तारीख पडते! कर्ता शोधायचा तर रोजनामा बघायचा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाने ठेवलेली नोंद. त्यातली ओळ साधारण अशी असते: ‘आरोपीस तुरुंगातून हजर केले नाही, पोलीस पथक उपलब्ध नाही. साक्षीदार गैरहजर. सरकार पक्षाचा मुदतीचा अर्ज, मंजूर.’ यात न्यायाधीशांनी तारीख दिली खरी, पण पथक कुणाचं, साक्षीदाराला समन्स पोहोचवणारे कोण, मुदत मागणारा कोण? तिन्ही ठिकाणी सरकार. उच्च न्यायालयातही ‘शपथपत्र दाखल करायला मुदत हवी’ हे सरकारी बाजूकडून नेहमी ऐकू येतं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या ९४ मंजूर पदांपैकी रिकामी राहतात ती भरायची, तर कॉलेजियमच्या, म्हणजे नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाच्या, शिफारशीवर केंद्र सरकारने पुढची हालचाल करावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की नेत्यांचा वेगावरचा खरा प्रभाव इथे आहे, घोषणेत नाही. खटला पळवणं त्यांच्या हातात फारसं नसतं, तो रखडू देणं पुष्कळ असतं.

याच जातीचा आणखी एक प्रयोग: ‘आंदोलकांवरील गुन्हे मागे घेणार’. गुन्हा मागे घेता येत नाही, मागे घ्यायचा तो खटला. तोही मंत्री घेत नाहीत. सरकारी वकील अर्ज करतो आणि कोर्टाने संमती दिली तरच तो मागे जातो. आरोपी आजी-माजी आमदार-खासदार असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. तेव्हा ‘खटले मागे घेण्यासाठी अर्ज करणार’ हे बरोबर.

आणि ‘मंजुरीअभावी खटला रखडला’. सरकारी पदावरच्या माणसाने कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते. इथे वेग सरळ सरकारच्या हातात असतो, आणि फायली वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या पद्धतीचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिने यासाठी १२० दिवसांची मुदत घातली. त्यात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं. ‘अभावी’ या शब्दाने मंजुरी जणू कुठे सापडतच नाही असं वाटतं. त्याऐवजी ती कोणत्या खात्याकडे, कोणत्या तारखेपासून मागितलेली आहे, तेवढं वार्ताहराने लिहावं.