‘निव्वळ शून्य’ म्हणजे नक्की किती? कार्बन न्यूट्रल, नेट झीरो आणि मराठी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: टोयोटाच्या २०५० सालापर्यंतच्या पर्यावरण आराखड्याबद्दल मराठीत लिहायचं आहे. त्यात झीरो एमिशन, कार्बन न्यूट्रल आणि नेट झीरो असे तीन शब्द वारंवार येतात. मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्यासाठी कधी ‘शून्य उत्सर्जन’, कधी ‘कर्बउदासीन’, कधी ‘निव्वळ शून्य’ दिसतं. यातला एकच शब्द ठरवून तिन्ही ठिकाणी वापरला तर चालेल का?

नाही चालणार. याचं कारण भाषेत शोधण्याआधी त्या आराखड्यातच शोधा. टोयोटाने ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल चॅलेंज २०५०’ जाहीर केलं. त्यात सहा आव्हानं आहेत. पहिलं नव्या गाड्यांचं, दुसरं गाडीच्या कच्च्या मालापासून भंगारापर्यंतच्या सगळ्या प्रवासाचं, तिसरं कारखान्यांचं. या तिन्हींच्या नावात ‘झीरो’ आहे. पण पहिल्याचा तपशील वाचला की कळतं, वचन होतं ते नव्या गाड्यांचं सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०१० च्या तुलनेत ९० टक्क्यांनी घटवण्याचं. शीर्षकात शून्य, मजकुरात दहा टक्के शिल्लक! तिसऱ्याची गंमत आणखी वेगळी. कारखान्यांसाठी आधी २०५० ची मुदत होती आणि शब्द होता ‘झीरो’. जून २०२१ मध्ये कंपनीने ही मुदत २०३५ वर आणली, पण तेव्हा शब्द वापरला ‘कार्बन न्यूट्रल’, म्हणजे थोडा कार्बन सुटला तरी तेवढाच दुसरीकडे भरून काढायचा. मुदत पंधरा वर्षं अलीकडे आली आणि शब्द एक पायरी खाली उतरला. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक कंपन्यांचे आराखडे असेच सरकत असतात. पण तुम्ही दोन्ही ठिकाणी ‘शून्य उत्सर्जन’ लिहिलंत तर ही हालचाल मराठी वाचकाला दिसणारच नाही, आणि खरी बातमी तर तीच आहे.

आता एकेक शब्द घेऊ.

‘उत्सर्जन’ आता टाळता येणार नाही, रुळला आहे. शाळेत आपण ‘उत्सर्जन संस्था’ शिकलो ती मूत्रपिंडांची, आणि श्रावणीच्या दिवशी उपाकर्माबरोबर जे उत्सर्जन होतं ते वेदाध्ययनाचं, त्यामुळे पहिल्यांदा वाचणाऱ्याला हसू आलं तर दोष देता येत नाही. तरी शब्द राहू द्या.

कार्बन की कर्ब? जुन्या पुस्तकांत कर्बद्विप्राणील वायू होता, आता पाठ्यपुस्तकांतही कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणून ‘कर्ब’ मेला असं पुष्कळांना वाटतं. शहरात मेला असेल. माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो ‘सेंद्रिय कर्ब किती आला’ हेच आधी सांगेल. आहारतज्ज्ञांच्या तोंडी कर्बोदकं आहेत. तेव्हा कर्ब जिवंत आहे, पण जमिनीत आणि ताटात. गाडीच्या धुरासाठी तो आणला की उगाच पोशाखी वाटतो. इथे कार्बनच बरा.

खरा घोटाळा सुरू होतो ‘न्यूट्रल’पासून. आम्लात आम्लारी घातलं की होतं ते उदासिनीकरण, हे विज्ञानाच्या पुस्तकातलं. तिथून ‘कार्बन-उदासीन’ आलं. रसायनशास्त्रात हा शब्द नेमका आहे, कारण तिथे ‘उदासीन’ला भावना नसते. पण व्यवहारातल्या मराठीत ‘अमुक खातं तक्रारींबाबत उदासीन आहे’ असं आपण रोज वाचतो. मग ‘ही कंपनी कार्बन-उदासीन आहे’ या वाक्याचा सरळ अर्थ काय होतो? तिला कार्बनचं काही पडलेलं नाही! म्हणायचं होतं त्याच्या बरोब्बर उलट. ‘तटस्थ’ने हा विनोद टळतो, पण दुसरा येतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला, वादात न पडणारा. मोटारी बनवणारी कंपनी काठावर कशी असेल? ती पाण्यात उतरलेलीच आहे. एका बाजूने हवेत कार्बन सोडते आणि दुसऱ्या बाजूने तेवढाच काढून घेतल्याचं सांगते. म्हणजे हा हिशेब आहे, अलिप्तपणा नव्हे. ‘कार्बन न्यूट्रल’ हा शब्द इंग्रजीतही काही फार जुना, सोवळा नाही. २००६ साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं तेव्हा तो नवाच होता. आपल्याकडे गाडीचा गिअर न्यूट्रलमध्ये टाकतातच, तेव्हा ‘कार्बन न्यूट्रल’ तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात फोड करावी. माझं मत विचाराल तर हेच.

‘निव्वळ शून्य’बद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण दिसायला तो सगळ्यात साळसूद शब्द आहे. हिशेबाच्या मराठीत ‘ढोबळ नफा’ आणि ‘निव्वळ नफा’ अशी जोडी आहे; पाकिटावर ‘निव्वळ वजन’ छापलेलं असतं. नेटसाठी निव्वळ, सरळ आहे. पण हिशेबाची वही मिटली की ‘निव्वळ’चा अर्थ पालटतो. निव्वळ थापा, निव्वळ योगायोग, निव्वळ मूर्खपणा. इथे निव्वळ म्हणजे दुसरं काहीही न मिसळलेलं, शंभर टक्के तेच. ‘निवळ’ हे त्याचंच भावंड; गाळ खाली बसून स्वच्छ झालेलं पाणी. मग सामान्य वाचक ‘निव्वळ शून्य उत्सर्जन’ कसं वाचेल? अस्सल शून्य, सपशेल शून्य, तिळमात्रही धूर नाही. इंग्रजीतला ‘नेट’ सांगतो की काहीतरी वजा करून हे शून्य आलं आहे. मराठीतला ‘निव्वळ’ सांगतो की वजा करण्यासारखं काही नव्हतंच. हा शब्द अर्थ पोचवत नाही एवढंच नाही, तो कंपनीला तिने मागितलेल्यापेक्षा जास्त श्रेय देऊन टाकतो. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० चं नेट झीरो लक्ष्य सांगितलं तेव्हापासून हा शब्द बातम्यांत सर्रास आला आहे, म्हणून ही तक्रार करून ठेवतो.

याला पर्याय म्हणून कुणीतरी ‘कार्बन-बेबाक’ सुचवेल. शब्द झकास आहे. सोसायटीचं कर्ज फिटलं की मिळतो तो बेबाकी दाखला; हिशेब चुकता, येणं-देणं संपलं. पण बेबाकीत मागची थकबाकीही फिटलेली असते, आणि नेट झीरोत ती नसते. टोयोटाचं पहिलं आव्हान फक्त ‘नव्या’ गाड्यांचं आहे. त्याआधी विकलेल्या आणि २०५० नंतरही कुठेतरी रस्त्यावर धावत असलेल्या गाड्यांचं देणं त्यात धरलेलं नाही. गेल्या शतकात हवेत जाऊन बसलेला कार्बन तर दूरच. त्यामुळे बेबाक नको. मला बरा वाटतो तो लांबलचक पण प्रामाणिक प्रयोग: ‘वजावटीनंतर शून्य’. मथळ्यात जागा नसेल तर ‘नेट झीरो’च लिहा.

तुमचा विषय जपानी कंपनीचा आहे म्हणून जपानी लोकांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. ‘कार्बन न्यूट्रल’ त्यांनी जसाच्या तसा परक्या शब्दांच्या लिपीत घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये पंतप्रधान सुगा यांनी २०५० चं लक्ष्य संसदेत जाहीर केलं तेव्हा मात्र ‘एकंदरीत शून्य’ अशी फोड करून सांगितलं. तिथली वर्तमानपत्रं ‘जिश्शित्सु झेरो’ लिहितात, म्हणजे ‘प्रत्यक्ष परिणामाच्या दृष्टीने शून्य’. यात निदान वाचकाच्या कानाला टोचतं की हे साधं शून्य नव्हे.

जर्मनीत हा वाद न्यायालयात गेला. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जेली गोळ्यांच्या एका कंपनीच्या जाहिरातीबद्दल निकाल दिला: ‘क्लिमान्यूट्राल’ (हवामानाच्या बाबतीत न्यूट्रल) हा शब्द संदिग्ध आहे, कारण त्यात उत्सर्जन कमी करणंही येतं आणि बाहेरून भरपाई विकत घेणंही येतं, तेव्हा नेमकं काय केलं ते जाहिरातीतच सांगितलं पाहिजे. आपल्याकडेही मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, पर्यावरणविषयक दाव्यांसाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दिखाऊपणाविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा मराठी जाहिरात लिहिणाऱ्यालाही हा शब्दविचार आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

शब्दाइतकीच महत्त्वाची त्याच्या आधीची षष्ठी. शून्य कशाचं? इगतपुरीचा महिंद्राचा कारखाना २०१८ मध्ये देशातला पहिला कार्बन न्यूट्रल कारखाना म्हणून जाहीर झाला. हे कारखान्याबद्दल आहे. तिथे बनलेलं इंजिन पुढे वर्षानुवर्षं डिझेल जाळतं, ते या हिशेबात येत नाही आणि तसा दावाही नव्हता. पण ‘महिंद्रा कार्बन न्यूट्रल’ असा मथळा दिला की कारखान्याची कुंपणभिंतच पडते. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या खात्यात सगळ्यात मोठा आकडा असतो तो गिऱ्हाईक गाडी चालवतं तेव्हा जळणाऱ्या इंधनाचा. कारखान्याच्या छपरावर सौर पट्ट्या बसवून तो कमी होत नाही. म्हणून टोयोटाने गाडी, तिचं आयुष्य आणि कारखाना अशी तीन आव्हानं वेगळी ठेवली ते मला योग्य वाटतं, आणि मराठीतही ती वेगळीच राहावीत. दुसऱ्या आव्हानातल्या ‘लाइफ सायकल’ला ‘जीवनचक्र’ म्हणतात. चालेल, पण गाडीचा पुनर्जन्म होत नसल्यामुळे ‘खाणीपासून भंगारापर्यंत’ जास्त चटकन कळतं.

‘झीरो एमिशन व्हेइकल’ला तर आपल्याकडे तयार शब्द आहे. १९८० च्या दशकात सरकारने गावोगाव ‘निर्धूर चूल’ नेली. त्याच चालीवर ‘निर्धूर गाडी’. मला हा शब्द आवडण्याचं कारण त्याची मर्यादाही बरोबर जुळते हे आहे. निर्धूर चुलीतला धूर नाहीसा होत नव्हता, तो धुराड्यातून घराबाहेर जात होता. बायकांच्या डोळ्यांना आणि छातीला त्याने आराम मिळायचा, म्हणजे फायदा खराच होता. बॅटरीवरच्या गाडीचंही तेच: चौकात उभ्या माणसाच्या नाकात काही जात नाही, पण वीज चंद्रपूरच्या कोळशावर झाली असेल तर धुराडं तिथे आहे. टोयोटाची हायड्रोजनवरची ‘मिराई’ मागच्या नळीतून फक्त पाणी टाकते. तो हायड्रोजन मात्र आजही जगभर बहुतांश नैसर्गिक वायूपासून बनतो. ‘शून्य उत्सर्जन’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं, ‘निर्धूर’ म्हटलं की निदान प्रश्न पडतो की मग धूर गेला कुठे.

क्रियापदाकडेही लक्ष द्या, अनुवादक इथे हमखास घसरतात. जनरल मोटर्सने जानेवारी २०२१ मध्ये २०३५ पर्यंत नव्या हलक्या गाड्यांच्या नळीतून होणारं उत्सर्जन संपवण्याबद्दल जे निवेदन काढलं त्यात शब्द होता ‘आकांक्षा’ या अर्थाचा. बातम्यांत त्याचं ‘जनरल मोटर्स पेट्रोल गाड्या बंद करणार’ झालं. ‘करणार’ या भविष्यकाळात मराठीला वचनाचा वास येतो. व्होल्वोने २०३० पर्यंत फक्त विजेच्या गाड्या विकण्याचं ठरवलं होतं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते लक्ष्य सैल करून प्लग-इन हायब्रिडनाही (चार्ज होणारी बॅटरी आणि इंजिन दोन्ही असलेल्या गाड्यांनाही) जागा ठेवली. आधीच ‘करण्याचा मानस आहे’ किंवा ‘लक्ष्य ठेवलं आहे’ लिहिलेलं असतं तर मराठी वाचकाला ते वचनभंगासारखं वाटलं नसतं. टोयोटाच्या एप्रिल २०२३ च्या आकड्यांनाही हेच लागू: विकलेल्या गाड्यांचं सरासरी उत्सर्जन २०१९ च्या मानाने २०३० पर्यंत ३३ टक्के आणि २०३५ पर्यंत ५० टक्क्यांहून जास्त घटवण्याचं ‘लक्ष्य’. ते ‘घटवणार’ नव्हे.

राहिली शेवटची तीन आव्हानं: पाण्याचा कमीत कमी आणि नेटका वापर, पुनर्वापरावर चालणारा समाज, निसर्गाशी जुळवून घेणारा भविष्यातला समाज. यांच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण अडचण येईल ती इथेच. कंपनी म्हणते की शून्यावर थांबायचं नाही, त्यापुढे ‘प्लस’मध्ये जायचं, इंग्रजीत ‘नेट पॉझिटिव्ह’. याचं ‘निव्वळ सकारात्मक’ करू नका, ते ध्यानवर्गाच्या पत्रकासारखं वाटेल. ‘घेतलं त्याहून जास्त परत देणं’ असं क्रियेतच सांगा. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला आहे, तेव्हा पाण्याच्या आव्हानाचं मराठी रूप मराठवाड्यात वाचलं जाणार. तिथे ‘जलवापराचे इष्टतमीकरण’ असं काही लिहून चालणार नाही; ‘किती पाणी उचलणार, किती शुद्ध करून पुन्हा वापरणार आणि किती सोडणार’ अशी तीन सरळ वाक्यं लिहा.