काकांच्या दुखण्यासाठी वेदनातज्ज्ञ

वहिनी, काकांची नागीण बरी झाली, पण बरगडीपाशी आग होते, सदऱ्याचा स्पर्शही सहन होत नाही म्हणालात. माझ्या सासूबाईंचं अगदी हेच झालं होतं. आठ महिने आम्ही साध्या वेदनाशामक गोळ्या देत राहिलो. पोट बिघडलं, दुखणं तिथंच. त्या आठ महिन्यांची खंत मला अजून आहे.

ही दुखावलेल्या नसांची वेदना. तिला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी वेगळी औषधं लागतात, तीही थोड्या मात्रेपासून हळूहळू वाढवत. काकांना किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यावर मात्रा ठरते. सुरुवातीला गुंगी येते, म्हणून रात्री बाथरूमला एकटं जाऊ देऊ नका.

दुखणं ३ महिन्यांपलीकडे गेलंय ना? मग थांबू नका. आपल्याकडे वेदनातज्ज्ञ बहुतेक मूळचे भूलतज्ज्ञ असतात. त्यामुळे इंदूरच्या रामबागेतून एमवाय या सरकारी रुग्णालयात गेलात तर भूलशास्त्र विभागात चौकशी करा. खाजगीत अनेक ठिकाणी हे डॉक्टर ठरावीक वारीच येतात, फोन करूनच निघा.

आजपासून एक वही ठेवा: दुखणं केव्हा उठलं, ० ते १० मध्ये किती, झोप किती लागली. पहिल्या भेटीत आमच्या वहीनंच निम्मं काम केलं. नसेजवळ इंजेक्शन सुचवलं, तर आराम किती दिवस टिकेल, पुन्हा घ्यावं लागेल का, खर्च किती, हे स्पष्ट विचारा. आणि काकांना स्वतः बोलू द्या. सासूबाईंच्या वतीने मीच बोलत राहिले होते.