आईच्या दम्यासाठी फोनला जोडता येणारे स्पायरोमीटर घ्यावे, की साधे पीक फ्लो मीटर पुरेल?

साधे, काटा सरकणारे पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारी नळी, घ्यावे, आणि घरात बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर असताना दुसरे यंत्र कशाला, असे विचारणाऱ्या नातेवाइकाचे मुळीच ऐकू नये.

आमच्याकडे हे विचारणारा माझा थोरला भाऊ होता. तेव्हा आम्ही कोथरूडला एकत्र राहत होतो. आई रोज सकाळी पंप घेण्याआधी उभी राहून तीनदा फुंकत असे, आणि तिन्हींतला मोठा आकडा मी भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या खाड्यांशेजारी लिहीत असे. पहिला आठवडा फुकट गेला. कवळी सैल असल्यामुळे ओठांच्या कडेने हवा निसटत होती आणि तिचे बोट काट्याच्या खाचेवर येत होते, हे लक्षातच आले नव्हते. पुढे ती ठणठणीत असतानाचा आकडा मिनिटाला 320 लिटर ठरला. डॉक्टरांनी लिहून दिले होते की 80 टक्क्यांखाली, म्हणजे 256 च्या खाली गेल्यास फोन करा आणि 160 च्या खाली गेल्यास थेट रुग्णालयात आणा.

दिवाळीत, फटाक्यांच्या धुरात, तो आकडा 290, 250, 220 असा उतरत गेला. आई म्हणे, मला काही होत नाही. दादाने तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, 97 दाखवले आणि मला घाबरट ठरवले. वास्तविक दम्यात श्वासनलिका आवळू लागल्या तरी शरीर जास्त जोर लावून रक्तातला ऑक्सिजन बराच वेळ सांभाळते. फुंकरीचा वेग मात्र त्याच्या कितीतरी आधी पडू लागतो. मी फोन न करता दोन दिवस थांबलो, आणि भाऊबीजेच्या पहाटे आईला घेऊन रिक्षा शोधत फिरलो. ती बरी झाली, पण दादाला ते 97 अजून पाठ आहे.

ऑक्सिमीटर टाकून द्यावा असे मात्र मी म्हणत नाही. झटका तीव्र असताना तो लागतोच. तसेच दम्याऐवजी सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, असेल तर पीक फ्लो अपुरा ठरतो, कारण तिथे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते हे पाहावे लागते आणि ते काम स्पायरोमीटरचे आहे. पण त्यात छाती रिकामी होईपर्यंत, सहा-सहा सेकंद फुंकत राहावे लागते, आणि माझ्या आईला तिसऱ्याच सेकंदाला ठसका लागतो. यंत्र कोणतेही घेतले तरी मध्येच बदलू नये. दादाने नंतर हौसेने आणलेल्या डिजिटल यंत्रावर त्याच सकाळी 40 लिटरचा फरक आला, म्हणून ते आता खोक्यासकट माळ्यावर आहे.