पहिल्या साक्षीच्या आधी

नागपूर, रविवार

प्रिय डॉक्टर,

समन्स आलं म्हणून काल फोनवर तू पार घाबरलेली वाटलीस. माझंही पहिल्या वेळी तसंच झालं होतं. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात सकाळी अकराला पोचलो, पुकारा झाला दुपारी चारला. तेव्हा डबा घेऊन जा.

आधी पीएम रिपोर्टची, म्हणजे शवविच्छेदनाच्या अहवालाची प्रत आणि तुझ्या हातची टिपणं शोधून ठेव. तीन वर्षांपूर्वीचं प्रेत कुणालाच आठवत नाही. आठवतं असं दाखवूही नकोस. न्यायाधीशांची परवानगी मागून कागद बघता येतात. "म्हणजे स्वतःला काहीच आठवत नाही तर?" असं वकील खवचटपणे विचारतील. "कागद बघून सांगतेय" म्हणायचं. त्यात लाज कसली?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मृत्यूच्या वेळेवरून. प्रेत तासागणिक अमुक इतकं थंड होतं, हे आपण पाठ केलेले आकडे थंड मुलखातले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि जिवंत माणसाचं अंग असतं ३७ अंश. पत्र्याच्या खोलीतलं प्रेत थंड होणार कसं? ताठरपणा लवकर येतो, लवकर जातो, कुजणंही लवकर सुरू होतं.

हे सगळं ठाऊक असून मी एका खटल्यात "मृत्यू रात्री दहा ते बाराच्या दरम्यान" असं ठणकावून सांगितलं होतं. आरोपीला साडेदहाला तिथे कुणीतरी पाहिलं होतं. ही गोष्ट तपास अधिकाऱ्यानं मला रिपोर्ट लिहायच्या आधीच बोलता बोलता सांगितली होती. मी खोटं बोललो नाही गं. पण माझा अंदाज आपोआप त्या साडेदहाभोवती जाऊन बसला. उलटतपासणीत एवढंच विचारलं, "खोलीचं तापमान मोजलं होतं?" मोजलं नव्हतं. तो आकडा बरोबर होता की चूक, हे मला आजही माहीत नाही. तेव्हापासून पोलिसांची कहाणी मी प्रेत तपासून, निरीक्षणं लिहून झाल्यावरच ऐकत आलो.

कायद्यात तज्ज्ञाचं मत १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ४५ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ३९ झालं. नंबर बदलला, काम तेच. आपण संत्र्यांच्या गावचे, पण हिमाचलमधल्या सफरचंदांच्या बागांवरून १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला एक निकाल जरूर वाच. तज्ज्ञानं नुसता निष्कर्ष सांगून भागत नाही, तो कशावरून काढला हे न्यायाधीशांना पडताळता यावं इतकं त्यांच्यापुढे ठेवावं लागतं, असं त्यात आहे. म्हणून "माझा अनुभव सांगतो" हे वाक्य कोर्टात वापरू नकोस.

मुद्देमालातला चाकू दाखवून "या हत्यारानं ही जखम होऊ शकते का?" असं विचारतील. पातं नीट बघ, हवा तेवढा वेळ घे. "होऊ शकते" म्हणालीस की दुसरे वकील उठतील: "तसल्याच दुसऱ्या चाकूनंही होऊ शकते?" हो, त्यानंही होऊ शकते. तसं सांगून टाक, आढेवेढे घेऊ नकोस. बाहेर एखादा हवालदार चहा देत म्हणेल, "मॅडम, थोडं आपल्या बाजूनं सांगजा." चहा पी. कागदोपत्री तू सरकार पक्षाची साक्षीदार असलीस तरी कुणाच्या बाजूनं बोलायला गेलेली नाहीस.

आणि टाइप केलेली साक्ष वाचल्याशिवाय सही करू नकोस. माझ्या एका साक्षीत उजवी बरगडी डावी झाली होती. संध्याकाळ झालेली असेल, स्टेनोला घरी जायची घाई असेल, तरी ओळ न् ओळ वाच. चूक दिसली तर लगेच न्यायाधीशांना सांग.

साक्ष झाली की घरी ये. काय काय विचारलं ते सांग, निकालाचं मी विचारणार नाही.

तुझा,
सर