घरात मांजर आहे आणि सगळे दिवसभर बाहेर असतात. कुत्र्याचं पिल्लू आणावं का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: तुम्ही दोघं सकाळी साडेआठला बाहेर पडता आणि संध्याकाळी साडेसहाला परतता. मुलं ८ आणि ११ वर्षांची, ती तीनला शाळेतून येतात. मांजर ६ वर्षांची, घरात आजवर एकटीच वाढलेली. मुलांना दोन महिन्यांचं पिल्लू हवंय, आणि मांजरीलाही सोबत होईल असं तुम्हाला वाटतंय.

माझं स्पष्ट मत: आत्ताच्या वेळापत्रकात पिल्लू आणू नका. तुमची माया कमी पडेल असं मला वाटत नाही. कमी पडणार आहेत ते तास.

पिल्लू शू किती वेळ धरू शकतं, याचा ढोबळ हिशोब असा: वय जितके महिने तितके तास, फार तर त्यात एक मिळवायचा. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू दोन, ताणून तीन तास. तुमच्याकडे साडेआठ ते तीन हे साडेसहा तास घर रिकामं असतं. त्या वेळात ते दोन-तीनदा घाण करणार आणि त्यातच बसून राहणार. फरशी पुसून हा प्रश्न मिटत नाही. झोपायची जागा स्वच्छ ठेवायची उपजत ओढ पिल्लात असते आणि शी-शूची सगळी शिकवण त्याच ओढीवर उभी असते. रोज घाणीत राहून ती ओढ एकदा बोथट झाली की पुढे सहा-आठ महिन्यांचा कुत्राही घरात घाण करत राहतो. मग लोक म्हणतात, ‘हा शिकतच नाही.’

शिकवायची पद्धत तशी सोपी आहे, पण ती माणूस घरात असेल तरच चालते. उठल्या उठल्या बाहेर, खाल्ल्यावर १५-२० मिनिटांत बाहेर, खेळून झाल्यावर बाहेर, झोपण्याआधी बाहेर. दिवसाला आठ-दहा फेऱ्या होतात. बाहेर शू केली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत खाऊ द्यायचा. घरात येऊन दिला तर पिल्लाला वाटतं, आत आल्याचं बक्षीस मिळालं. पहिले दोन-तीन आठवडे रात्रीही एकदा-दोनदा उठावं लागतं. चार महिन्यांपर्यंत दिवसाला तीन-चार वेळा खायला लागतं, त्यातली निदान एक वेळ भर दुपारची.

‘आम्ही तीन आठवडे रजा टाकू’ हा विचार बरेच जण करतात. हिशोब करून बघा. ८ आठवड्यांचं पिल्लू आणलं, रजा संपली तेव्हा ते ११ आठवड्यांचं झालं. अजूनही त्याची मजल तीन-साडेतीन तासांचीच. शिवाय तीन आठवडे सतत माणसांत राहिलेलं पिल्लू एका सोमवारी अचानक दिवसभर एकटं पडतं. भुंकणं, दार ओरबाडणं, एकटेपणाची भीती बसणं हे बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. एकटं राहायलाही शिकवावं लागतं. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास, असं आठवडे-दोन आठवडे वाढवत न्यावं लागतं.

याच काळात आणखी एक गोष्ट हातातून निसटते. वयाचे साधारण ३ ते १४ आठवडे हा पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा काळ. माणसं, आवाज, वाहनं, फरशी, जिने, मांजर, जे काही या वयात न घाबरता पाहिलं ते पुढे सवयीचं होतं. नेमकं तेव्हाच लसीकरण अपुरं असतं. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, डॉक्टर सांगतील तेव्हा. तोवर अनोळखी कुत्रे वावरतात त्या जमिनीवर सोडायचं नाही, कारण पार्वो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे संसर्गजन्य रोग जीवघेणे आहेत. मग जग दाखवायचं ते उचलून घेऊन, रोज थोडं थोडं. हे काम साडेसहानंतर, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून होईल का, हे दोघांनी बसून प्रामाणिकपणे ठरवा.

मुलांबद्दल एकच सांगते. ११ वर्षांचं मूल वाटी भरेल, पाणी बदलेल, ब्रश करेल. ८ वर्षांचं मूल मदतीला राहील. पण दात शिवशिवणारं पिल्लू आणि बिथरलेलं मांजर एकाच खोलीत असताना त्यांच्यावर सोपवू नका. तीन ते साडेसहा हा वेळ तुमच्या हिशोबात ‘घरी कोणीतरी आहे’ असा धरलेला दिसतो. पिल्लाच्या हिशोबात तो धरता येत नाही.

आता मांजर. तिला सोबत हवीय हे तिनं सांगितलेलं नाही. मांजर जागेला धरून राहणारं जनावर आहे. तिच्या डोक्यात घराचा नकाशा असतो: खिडकीतून पलंगाकडे, पलंगावरून पाण्याकडे, तिथून लिटर बॉक्सकडे. पिल्लू येतं ते या वाटांवर येऊन बसतं. वर दोघांची भाषा उलटी. पिल्लू पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून ‘खेळ ना’ म्हणतं आणि पंजा मारतं. मांजरीला तो हल्ला वाटतो. तिची शेपटी सटासट हलते ती चिडून, पिल्लाला वाटतं ती खुशीत आहे. मग ती पळते आणि पिल्लू मागे लागतं. इथेच बिघडतं. पाठलागाची मजा हेच पिल्लाचं बक्षीस असतं, वेगळा खाऊ लागत नाही. चार-पाचदा जमलं की सवय पक्की. आणि मांजर कोपऱ्यात सापडली तर तिचं नख पिल्लाच्या डोळ्यात जातं. बुबुळाला ओरखडा हे अशा घरांतलं नेहमीचं दुखणं आहे.

मांजर ताण आरडाओरडा करून दाखवत नाही. ती कपाटावरून उतरत नाही, अंग चाटणं सोडते किंवा एकाच जागी चाटून केस घालवते, लिटर बॉक्सबाहेर शू करते. शूची ही गडबड खोड म्हणून सोडू नका, ताणामुळे मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोका असेल आणि जोर करूनही शू होत नसेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर. मार्ग तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तरी डॉक्टरांना दाखवा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते, लठ्ठ मांजराला धोका जास्त.

उद्या परिस्थिती बदलली, समजा दोघांपैकी एकाला चार महिने घरून काम करता आलं, किंवा दिवसातून दोनदा येणारं भरवशाचं माणूस मिळालं, तर पिल्लू येण्याआधी घर मांजरीच्या बाजूनं लावून घ्या. कपाट, शेल्फ, खिडकीची कड अशी जोडा की जमिनीला पाय न लावता तिला खोली ओलांडता येईल, निदान तुमच्या छातीइतक्या उंचीवर. जेवण वर. लिटर बॉक्स पिल्लाच्या पोहोचेबाहेर, कारण कुत्री मांजराची शी आवडीनं खातात आणि त्यासोबत जंतही. दाराला मांजरापुरती फट ठेवायची युक्ती सांगतात, पण दोन महिन्यांचं पिल्लू अनेकदा मांजराहून लहान असतं, ते त्याच फटीतून आत जातं. ते वाढेपर्यंत उंची किंवा उडी मारून ओलांडायचं फाटक एवढंच कामाचं. झाकणाचा, एकाच तोंडाचा लिटर बॉक्स तर काढूनच टाका. पिल्लू त्या तोंडाशी बसलं की मांजर आत अडकते, आणि असं एक-दोनदा झालं की ती तिथं जाणंच सोडते.

ओळख करून देताना वेग मांजर ठरवते. पहिले तीन-चार दिवस एकमेकांना दिसायचंही नाही. एकाच्या अंगावर पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या जेवणाजवळ ठेवायचं, मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांना खायला द्यायचं. मांजर निवांत खाऊ लागली की फाटकाआडून दर्शन, पिल्लू पट्ट्यावर, पाच मिनिटं, बास. पिल्लानं मांजरीकडे बघून नजर काढून तुमच्याकडे वळवली की त्या क्षणी खाऊ. मांजरीला उचलून पिल्लासमोर कधीच न्यायचं नाही, त्यात तुम्हीही ओरबाडले जाता आणि तिचा तुमच्यावरचा विश्वास जातो. काही घरांत हे दोन आठवड्यांत जमतं, काही घरांत काही महिने लागतात. कुत्रा निदान वर्षाचा होईपर्यंत दोघांना एकत्र सोडून घराबाहेर पडू नका.

एक धोका मात्र ठळक लिहिते, कारण तो चांगल्या हेतूनं घडतो. कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकायची गोचीड-पिसवांची काही औषधं परमेथ्रिन या कीटकनाशकाची असतात. कुत्र्याला ती चालतात, मांजराला विष असतात. ‘उरलंय तर अर्धं मांजरीला लावू’ असं कुणी करतं, किंवा औषध ओलं असताना ती कुत्र्याला चाटते, त्याला टेकून झोपते. काही तासांत थरथर, मग झटके. अशा थेंबांची नळी (पिपेट) विकत घेण्याआधी घटक वाचा आणि डॉक्टरांना दर वेळी सांगा, ‘घरात मांजर आहे.’ लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साधा लिक्विड साबण लावून धुवा आणि तडक दवाखाना गाठा, झटक्यांची वाट बघू नका. पिसवांचं आणि जंतांचं औषध दोघांना एकाच वेळी, पण प्रत्येकाला आपापलं द्या.

खाण्यातही तसंच. पिल्लानं मांजराचं खाणं पळवलं तर पोट बिघडेल, वजन वाढेल. मांजरीनं महिनोन्‌महिने कुत्र्याचंच खाणं खाल्लं तर टॉरिन हा मांजराला खाण्यातूनच मिळावा लागणारा घटक कमी पडून हृदयाचा स्नायू आणि डोळ्याचा पडदा खराब होतो.

तुमच्या घराला मला जास्त जुळणारा वाटतो तो ३-४ वर्षांचा, शांत, आधी मांजरांबरोबर राहिलेला कुत्रा. तो पाच-सहा तास सहज थांबतो, स्वभाव घडलेला असतो आणि तो आधीच बघता येतो. तरीही पहिले काही महिने दुपारी एखाद्यानं येऊन त्याला फिरवून आणावं लागेल, आणि मांजरीशी ओळख याच पद्धतीनं. ज्या निवाऱ्यातून किंवा सांभाळणाऱ्या घरातून घ्याल तिथं त्याला पट्ट्यावर, मांजर दिसेल असं उभं करायला सांगा. हाउंड, टेरियर, हस्की यांच्यात पाठलागाची ओढ जास्त असते, पण निव्वळ जातीवर विसंबू नका, समोरचा कुत्रा बघा. तोंड मिटलेलं, कान पुढे, अंग ताठ, नजर मांजरीवर खिळलेली आणि नावानं हाक मारली तरी कान हलत नाही, असं दिसलं तर कितीही गोड असला तरी तो तुमच्या घरासाठी नाही. मांजरीकडे बघितलं, नाक हुंगलं, हाक मारल्यावर मान वळवली आणि जमिनीचा वास घेऊ लागला, तर दुसऱ्या भेटीला मुलांनाही घेऊन जा.