चुका दाखवायच्या की नुसतं छान छान म्हणायचं?

प्रश्न: मुलगा पहिलीत आहे, मराठी मिडियम. रोज रात्री मनाने तीन-चार ओळी लिहितो. त्याचे बाबा वही घेऊन बसले की एकेक वेलांटी पुसून परत लिहायला लावतात, सासूबाई काहीही लिहिलं तरी "माझं सोनं किती हुशार" म्हणतात. आता तो "मला येत नाही, तूच लिही" म्हणून पेन्सिल फेकतो. स्टिकरचं आमिष पण दाखवून झालं. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर: आधी ते खोडरबर कंपासमध्ये ठेवून द्या हो. समजा त्याने लिहिलंय, "मी आजिकडे गेलो तीथे मांजर होत." चुका तीन आहेत, मान्य, पण पोराने आधी काय मग काय ते नीट सांगितलंय, शब्द सुटे लिहिलेत आणि मांजरावरचा अनुस्वारही टाकलाय, तो कोणाला दिसलाच नाही. म्हणून आधी मांजराबद्दल विचारा, कुठल्या रंगाचं होतं रे, तुझ्याजवळ आलं का? तो सांगेल, मग म्हणा हे पण लिही ना. त्यानंतर एकच चूक घ्या. 'आजीऽऽ' असं ताणून म्हणायला लावा आणि कुठली वेलांटी ते त्यालाच ठरवू द्या. बाकीच्या दोन आज सोडा, ऱ्हस्व-दीर्घ तर मोठमोठ्या दुकानांच्या पाट्यांवर चुकतं.

सासूबाईंचं 'हुशार' प्रेमाचं आहे पण ते जपून वापरलेलं बरं. अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक या दोघी मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते, १९९८ साली छापून आले. कोडी सोडवल्यावर काहींना हुशार म्हटलं, काहींना मेहनत केलीस म्हटलं, मग मुद्दाम अवघड कोडी दिली आणि नंतर परत सोपी. हुशार म्हटलेल्यांचे मार्क आधीपेक्षा घसरले, मेहनतवाल्यांचे वाढले. पण म्हणून उठसूट "किती मेहनत घेतलीस" सुरू करू नका हं, दोन मिनिटांत खरडलेलं असेल तर मुलांना आपलं खोटं लगेच कळतं. "मांजराचा अनुस्वार विसरला नाहीस" एवढं खरं बोललं तरी खूप झालं.

स्टिकर मी तरी बंद करेन. १९७३ चा एक गाजलेला प्रयोग आहे, स्केचपेनने चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांचा. चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल असं ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं पुढे आपणहून इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे एखाद दिवशी सहज दिलंत तर चालेल, सौदा नको.

आणि बाबांना वहीपासून लांब ठेवू नका, रुसतील. त्यांना फक्त एवढंच सांगा की लाल पेन मुलाच्या हातात द्यायचं, आजचं सगळ्यात छान आलेलं अक्षर त्याने शोधून त्याला गोल करायचा, आणि हेच का निवडलंस ते बाबांनी विचारायचं.