मॉरिशस हे भारतापासून तुटलेले बेट आहे का? ते नेमके कसे तयार झाले आणि तिथला भूगोल कसा आहे?

भारताच्या भूखंडाचा एक तुकडा तुटून दूर वाहत गेला आणि त्याचे मॉरिशस झाले, असे प्रश्नकर्त्याच्या वाचनात आले आहे. ते खरे का, खरे नसेल तर बेट घडले कसे, आणि आज तिथली जमीन, डोंगर व पाऊसपाणी कसे आहे, असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत. मी महाविद्यालयात भूगोल शिकवत असे, आणि नोकरीच्या काळात एकदा व निवृत्तीनंतर एकदा असे दोनदा मॉरिशसला जाणे झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर असे की नाही, मॉरिशस भारतापासून तुटलेले नाही. भारताचा भूखंड मादागास्करपासून अलग झाला त्याला आठ कोटींहून अधिक वर्षे लोटली, आणि मॉरिशसवर आज उघडे दिसणारे सर्वांत जुने खडक ऐंशी ते नव्वद लाख वर्षांपूर्वीचे आहेत; म्हणजे ज्या काळात ही ताटातूट झाली त्या काळात तुटायला ते बेटच नव्हते. तरीही भारताशी, आणि त्यातही महाराष्ट्राशी, मॉरिशसचे भूवैज्ञानिक नाते नक्की आहे. आपला सह्याद्री ज्या भट्टीतून बाहेर पडला, त्याच भट्टीतून फार पुढे मॉरिशस बाहेर पडले, असे आज बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात.

पृथ्वीच्या कवचाखाली प्रावरणात काही ठिकाणी अतितप्त द्रव्याचा झोत खोलवरून वर येत असतो. त्याला तप्तस्थळ म्हणतात. वरचे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठमोठे तुकडे, सरकत राहतात, तप्तस्थळ मात्र त्यांच्या मानाने जवळजवळ जागच्या जागी असते; चूल हलत नाही, तवा सरकत जातो, आणि तव्यावर करपल्याच्या डागांची ओळ उमटते, तसा हा प्रकार आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा भाग या चुलीवर होता, आणि त्या वेळी थरांवर थर साचलेला लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. भारत ईशान्येकडे सरकत गेला तशी डागांची ओळ दक्षिणेकडे लांबली. १९८७ मध्ये समुद्रतळाला छिद्रे पाडून जे नमुने काढले गेले, त्यांत मालदीवजवळचा बेसाल्ट (लाव्हा थिजून बनलेला काळा खडक) सुमारे ५.७ कोटी, चागोस बेटांजवळचा ४.९ कोटी आणि नाझरेथ या समुद्रातल्या उथळ्याजवळचा ३.३ कोटी वर्षांचा निघाला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग नाझरेथ, मग मॉरिशस आणि शेवटी त्याच्या शेजारचे रियुनियन बेट, असे वय ओळीने कमी होत जाते.

नकाशा उघडून ही ओळ शोधू लागलात तर मध्येच एक खोडा दिसेल. चागोस आणि नाझरेथ यांच्यामध्ये आज फार मोठे अंतर आहे आणि ओळ तिथे तुटल्यासारखी वाटते. त्याचे कारण असे की हिंदी महासागराच्या तळाशी जी मध्यवर्ती पर्वतरांग आहे, जिच्या फटीतून नवा समुद्रतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना पसरतो, ती रांग सरकत सरकत तप्तस्थळाच्या डोक्यावरून पलीकडे गेली. त्यामुळे ओळीचा जुना भाग भारताच्या भूपट्टावर राहिला आणि नंतरचा भाग आफ्रिकेच्या भूपट्टावर उमटू लागला. मॉरिशस आणि रियुनियन ही आफ्रिकेच्या पट्टावरची बेटे आहेत. हा सगळा प्रवास एकाच झोताचा होता का, याबद्दल वेगळे मत मांडणारे अभ्यासक आहेत, विशेषतः दख्खनच्या बाबतीत. पण वयांची ही उतरंड समजावून सांगणारे याहून सोपे चित्र माझ्या पाहण्यात नाही.

आता प्रश्नकर्त्याच्या वाचनात जे आले ते कुठून आले असावे, तेही सांगतो, कारण त्यात तथ्याचा एक अंश आहे. २०१३ मध्ये मॉरिशसच्या किनाऱ्यावरील वाळूत झिरकॉन या खनिजाचे काही सूक्ष्म कण सापडले आणि त्यांचे वय ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षे भरले. नव्वद लाख वर्षांच्या बेटावर इतके जुने कण कसे, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. वाळू वाऱ्याने येते, जहाजांच्या भरावातून येते, माणसांच्या पायांनीही येते, त्यामुळे शंका घेणारे गप्प बसले नाहीत. २०१७ मध्ये भूवैज्ञानिक लुईस ॲश्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूऐवजी बेटावरच्याच ट्रॅकाइट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या आतून झिरकॉन काढले. तो खडक साधारण साठ लाख वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यातले काही झिरकॉन तीनशे कोटी वर्षांचे आहेत. खडकाच्या पोटातला कण वाऱ्याने आलेला असू शकत नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटला त्या वेळी भारत आणि मादागास्कर यांच्यामध्ये प्राचीन खंडाचे काही तुकडे अडकून मागे राहिले, त्यांपैकी एक तुकडा मॉरिशसच्या लाव्हाखाली गाडलेला आहे, आणि वर येताना लाव्हाने त्यातले कण सोबत आणले. या हरवलेल्या तुकड्याला ‘मॉरिशिया’ असे नाव दिले गेले. बातम्यांमध्ये मात्र ‘मॉरिशसखाली हरवलेला खंड’ याचे पुढे ‘मॉरिशस हाच हरवलेला खंड’ असे होऊन बसले. ज्यांना खऱ्याखुऱ्या खंडाचा तुकडा असलेले बेट पाहायचे आहे त्यांनी सेशेल्स पाहावे. तिथल्या मुख्य बेटांचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांचा आहे.

मॉरिशसचे बेट मात्र निव्वळ लाव्हाचे आहे, आणि तेही एका दमात झालेले नाही. चार किलोमीटरहून खोल समुद्रतळावर लाव्हा साचत साचत प्रथम एक प्रचंड, बसक्या ढालीसारखा ज्वालामुखी पाण्याबाहेर आला आणि साधारण पन्नास लाख वर्षांपूर्वीपर्यंत वाढत राहिला. त्यानंतर त्याचा मधला भाग नाहीसा झाला. तो खाली खचला की मोठा भाग घसरून समुद्रात गेला, यावर मते निराळी आहेत. कडेचे अवशेष मात्र शिल्लक राहिले, आणि तेच आजचे डोंगर: राजधानी पोर्ट लुईमागची मोका रांग, आग्नेयेची ग्रां पोर रांग आणि नैर्ऋत्येची ब्लॅक रिव्हर रांग. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजातून आलेला चार्ल्स डार्विन ल पूस या डोंगरावर चढला होता, आणि सभोवतालच्या रांगा एका मोठ्या वलयाचे तुकडे आहेत हे त्याच्याही नजरेतून सुटले नव्हते. बराच काळ शांततेत गेल्यावर ३५ ते १७ लाख वर्षांपूर्वी पुन्हा उद्रेक झाले, आणि शेवटचा हप्ता गेल्या दहा लाख वर्षांतला आहे. या शेवटच्या हप्त्यात बेटाच्या मध्यातून ईशान्य-नैर्ऋत्य रेषेत लहान लहान मुखे उघडली, त्यांतून वाहिलेल्या पातळ लाव्हाने डोंगरांमधली सपाटी भरून काढली, आणि आजचे मधले पठार तयार झाले.

डोंगर उंचीने फार नाहीत. सर्वोच्च शिखर पिटों द ला पतीत रिव्हिएर न्वार ८२८ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास निम्मे. पण समुद्रापासून थोड्याच अंतरावर ते सरळ उभे राहतात, म्हणून असतात त्याहून उंच दिसतात. पीटर बोथ या शिखराच्या टोकावर माणसाच्या डोक्यासारखा एक अवजड खडक तोल सांभाळून बसलेला आहे. तो पडेल तेव्हा ब्रिटिश राज्य जाईल अशी एक जुनी समजूत होती. राज्य १९६८ मध्ये गेले, खडक तिथेच आहे.

दगड हातात घेऊन पाहण्याची माझी सवय तिथेही सुटली नाही. पठारावरच्या तरुण बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांनी पडलेली भोके रिकामी असतात, बोट फिरवले तर खरखरीत लागतात, आणि उन्हात तिरका धरला की मुगाच्या डाळीएवढे हिरवट, काचेसारखे ऑलिव्हिनचे दाणे चमकतात. आपल्याकडे पुणे किंवा नाशिक परिसरातल्या खाणीतला दगड फोडला तर अशीच भोके दिसतात, पण ती बहुधा पांढऱ्या झिओलाइटने किंवा गारगोटीने भरलेली असतात, कारण त्या खडकातून कोट्यवधी वर्षे पाणी झिरपत राहिले आहे. एकाच घराण्यातला आजोबा आणि नातू शेजारी ठेवल्यासारखे वाटते.

याच दगडाने तिथल्या शेतीला आकार दिला. तरुण लाव्हावरची जमीन इतकी खडकाळ आहे की ऊस लावायचा तर आधी दगड वेचावे लागतात, आणि वेचलेले दगड उसाच्या फडांतच ढिगांनी व बांधांनी रचलेले आजही दिसतात. काही ढीग पायऱ्यापायऱ्यांचे, घराएवढे उंच आहेत. आधी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांनी आणि १८३४ नंतर भारतातून नेलेल्या करारबद्ध मजुरांनी हे काम केले. त्या मजुरांत मुंबई बंदरातून गेलेली, रत्नागिरी आणि सातारा भागांतली मराठी कुटुंबेही होती. कातळावर राहणाऱ्या आणि गडगा रचण्याचा हात असलेल्या कोकणी माणसाला तो काळा दगड नवा वाटला नसेल.

शामारेलच्या सात रंगांच्या मातीबद्दल पर्यटक फार कुतूहलाने विचारतात. तिचे उत्तर आपल्या जांभ्याजवळच आहे. उष्ण, दमट हवेत बेसाल्ट कुजत गेला की त्यातली विरघळणारी द्रव्ये पावसाबरोबर निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. लोहाच्या कमीअधिक प्रमाणानुसार लाल, तपकिरी, जांभळट छटा येतात. कोकणात हे द्रव्य घट्ट होऊन चिऱ्यांच्या कामाला येते, शामारेलला ते सैल मातीच्या लाटांसारखे राहिले आहे, इतकाच फरक.

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर आहे, लांबी सुमारे ६५ आणि रुंदी ४५ किलोमीटर. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. त्यामुळे ऋतू उलटे. जूनमध्ये गेलो होतो तेव्हा भर दुपारी सूर्य उत्तरेकडे पाहून, आयुष्यभर दिशा शिकवूनही, मी एकदा रस्ता चुकलो. पाऊस आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे पडतो. मधल्या पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस होतो, तर पठाराआड लपलेल्या पश्चिम किनाऱ्यावर हजार मिलिमीटरही होत नाही. पठारावरच्या क्युरपिप गावाला धुके आणि छत्री, आणि वीस किलोमीटरवरच्या पोर्ट लुईला रणरणते ऊन, हे तिथे रोजचे आहे. महाबळेश्वर आणि वाई यांच्यातला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा काळ असतो. फेब्रुवारी १९६० मध्ये आलेल्या कॅरोल वादळाने बेटावरची लाकडी-पत्र्याची घरे इतकी उद्ध्वस्त केली की पुढे घरे काँक्रीटची होऊ लागली.

बेटाभोवती प्रवाळभिंतीचे जवळजवळ पूर्ण कडे आहे आणि तिच्या आत उथळ, निळेशार खाजण. वाळू पांढरी आहे ती प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची. नद्यांच्या मुखांशी गोड्या पाण्यामुळे प्रवाळ वाढत नाही, म्हणून तिथे भिंतीला खिंडी पडल्या आहेत. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री येथे भिंतच नाही. तिथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर आदळतो, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याची आठवण येते. ल मॉर्नजवळचा ‘पाण्याखालचा धबधबा’ म्हणून जो फोटो फिरतो, तो धबधबा नव्हे. उथळ कड्यावरून वाळू खोल पाण्याकडे घसरत जाते आणि वरून पाहिले की पाणी कोसळल्याचा भास होतो.

देश म्हणून मॉरिशस या एका बेटापुरते नाही. पूर्वेला साडेपाचशे किलोमीटरहून दूर असलेले रॉड्रिग्ज १०८ चौरस किलोमीटरचे आहे, तेही ज्वालामुखीचेच, आणि त्याच्या भोवतीचे खाजण बेटाहून मोठे. उत्तरेला आगालेगा ही सपाट प्रवाळी बेटे आहेत, जिथे भारताच्या मदतीने बांधलेल्या धावपट्टीचे व धक्क्याचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. चागोस १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसपासून वेगळे केले, आणि ते अयोग्य होते असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिले. राजकारणात ज्या दोन ठिकाणांची ताटातूट माणसांनी केली, त्यांची भूगर्भातली ताटातूट समुद्रतळाने फार आधीच केलेली होती.

पुन्हा उद्रेक होईल का, हे प्रश्नकर्त्याने विचारलेले नाही, पण वर्गात हा प्रश्न हमखास येत असे. तप्तस्थळ आता दोनशेहून अधिक किलोमीटर नैर्ऋत्येला, रियुनियनखाली आहे. तिथला पिटों द ला फूर्नेझ जगातल्या सर्वांत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक आहे. मॉरिशसवरचे शेवटचे उद्रेक हजारो वर्षांपूर्वीचे आहेत. क्युरपिपमधल्या त्रू ओ सेर या विवराच्या काठावर मी सकाळी गेलो तेव्हा आत दाट झाडी होती, तळाशी थोडे गढूळ पाणी होते, आणि काठावरच्या गोल रस्त्यावर लोक व्यायामाच्या फेऱ्या मारत होते.